डावखुरा सिंह

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची. त्या वर्षी गावात रंगीत फोटो हातोहात करून देणारं दुकान उघडलं, दादाच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि पस्तीस वर्षं नुसता बोलण्यात राहिलेला परदेशाचा प्रवास एकदाचा घडला.

दादाचा फोटो स्टुडिओ होता. बारकी त्याची धाकटी बहीण. चौपन्न वर्षांची होऊन डोकं पांढरं झालं तरी घरात ती बारकीच राहिली. लग्न तिने केलं नाही. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, उतरत्या काचेच्या मेजावर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने ती माणसांचे चेहरे सुधारायची. कुणाच्या डोळ्यांखालची वर्तुळं मिटवायची, कुणाचे मुरूम झाकायची, म्हाताऱ्यांना पाच-सात वर्षं परत द्यायची. गावातल्या निम्म्या लोकांना आपण खरे कसे दिसतो ते ठाऊकच नव्हतं, आणि हे बारकीचं पुण्य, असं दादा म्हणायचा.

पण स्टुडिओचं नाव झालं ते फोटोमागच्या पडद्यामुळे. बारकी एकोणीस वर्षांची असताना तिला चित्रकला शिकायला मोठ्या शहरात जायचं होतं. वडिलांनी "पोरीच्या जातीला कशाला" म्हणून विषय मिटवला. तीन दिवस ती जेवली नाही. चौथ्या दिवशी दादा बारा फुटांचं जाड कापड, रंगांचे डबे आणि एका छापखान्याचं जुनं कॅलेंडर घेऊन आला. कॅलेंडरवर परदेशातल्या एका शहराचं चित्र होतं. नदी, नदीवर पाच कमानींचा दगडी पूल, पुलाच्या डाव्या टोकाला उंच मनोरा आणि पुलाच्या तोंडाशी, अगदी पुढ्यात, दगडी सिंह. सिंहाने एक पंजा उचललेला.

"हे काढ," दादा म्हणाला. "आणि नीट काढ. एक दिवस तुला खऱ्या पुलासमोर उभी करून फोटो काढीन. मग बघू तुझं किती बरोबर आलंय."

बारकीने दोन महिने खपून पडदा रंगवला. दगड न् दगड कॅलेंडरवरून मोजून घेतला. पुढे पस्तीस वर्षं अख्खं गाव त्या पुलासमोर उभं राहिलं. नवीन जोडपी, मुंजीतली पोरं, नोकरीला लागलेले मुलगे, दाखवायच्या मुली. सिंहाने डावा पंजा उचललेला, म्हणून लहान मुलं त्याला 'डावखुरा सिंह' म्हणायची. रडणाऱ्या मुलाला दादा सांगायचा, "त्या डावखुऱ्याला हात दे बघू," आणि मूल गप्प व्हायचं.

बारकीला मनातून एकच लागून राहिलं होतं. आयुष्यात तिने एकच मोठी गोष्ट स्वतःच्या हाताने केली. ती खरी उतरली आहे का, हे एकदा डोळ्यांनी बघायचं. दरवर्षी ती विषय काढायची आणि दरवर्षी दादाचं काहीतरी निघायचं. यंदा लग्नसराई जोरात आहे, यंदा मुलीचं बाळंतपण, यंदा छप्पर. शेवटी वहिनीनेच पाय रोवले. "अहो, शब्द दिलात तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. मी म्हातारी झाले, शब्द अजून तरणाच," असं म्हणून तिने एका सहल कंपनीत तिघांची नावं घातली. दादा मूग गिळून बसला.

नऊ दिवसांची सहल होती आणि पूल होता आठव्या दिवशी. सात दिवसांत तिघांचे पाय असे काही बोलायला लागले की विचारू नका.

सहलीत बावीस माणसं होती. त्यांना सांभाळणारी मुलगी हातात पिवळी छत्री उंच धरून पुढे चालायची, म्हणून सगळे तिला छत्रीवाली म्हणत. सकाळी सहाला दारावर टकटक, सातला थंड दूध न् कडक पाव, आठला बस. मग छत्रीमागे चालायचं. एक राजवाडा, त्यातली चाळीस दालनं. दुसऱ्या दिवशी दुसरा राजवाडा. चौथ्या दिवसापासून बारकीला राजवाडे ओळखू येईनात. छताकडे बघून मान अवघडली की ती जमिनीकडे बघायची, तर जमिनीवरही नक्षी. बसायला म्हणून कुठे खुर्ची असेल तर तिच्याभोवती दोरी बांधलेली, राजाची खुर्ची म्हणून.

"राजा मेला त्याला दोनशे वर्षं झाली," वहिनी म्हणायची. "दोन मिनिटं टेकले तर काय तो उठवायला येणार आहे?"

बसमध्ये एक निवृत्त औषधवाले होते. त्यांना सगळं आधीच माहीत असायचं. छत्रीवालीने मनोऱ्याची उंची सांगितली की ते दोन फूट वाढवून सांगायचे. रोज उतरताना ते बायकांच्या पायांकडे बघून म्हणायचे, "मीठ घालून कोमट पाण्यात बुडवा." आठव्या दिवसापर्यंत वहिनी त्यांना बघताच पाय साडीत ओढून घ्यायला लागली होती.

शहर म्हणाल तर मोठं होतं, म्हणजे फार मोठं. पण बारकीला त्यातले चेहरेच जास्त दिसले. जमिनीखालच्या गाडीत समोर बसलेली माणसं, हॉटेलात चादरी बदलणारी बाई, तिकिटाच्या खिडकीतला माणूस. सगळ्यांच्या डोळ्यांखाली तीच वर्तुळं, ओठांच्या कडेला त्याच दोन रेघा. तिच्या बोटांना आपोआप पेन्सिलीची आठवण व्हायची. एवढ्या लांब यायचं, इतकं दमायचं, आणि बघायचं काय, तर इथेही माणसं आपल्यासारखीच दमलेली आहेत.

हॉटेलची खोली काडेपेटीएवढी होती आणि खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर समोरची भिंत. दोघींना एक खोली, दादा आणि औषधवाले दुसऱ्या खोलीत. औषधवाले घोरायचे, म्हणून दादा सकाळी तारवटलेले डोळे घेऊन यायचा. पण बारकीच्या एक लक्षात आलं होतं. हा माणूस घरी चहाची कपबशी दिसली तरी तिच्यावर उजेड कुठून पडतोय ते बघायचा, आणि इथे सात दिवसांत त्याने कॅमेरा जेमतेम चारदा काढला होता.

"दादा, रोल संपेल म्हणून राखून ठेवतोयस का?"

"हं," दादा म्हणाला. "तुझ्या पुलासाठी."

आठव्या दिवशी दुपारी अडीचला बस नदीकाठी थांबली. छत्रीवालीने सगळ्यांना सांगितलं, "चार वाजता इथेच. चारला पाच कमी असतानाच या, चार वाजून पाच झाल्यावर नाही." वहिनीने बसमधून उतरायलाच नकार दिला. तिचे पाय कढईतल्या पुऱ्यांसारखे फुगले होते. "तुम्ही दोघं जा. मला इथून दिसतोय की पूल."

बारकी काठाच्या कठड्यापाशी गेली आणि तिचे पाय दुखायचे थांबले. पाच कमानी. दगडांचे सांधे तेच. तिसऱ्या कमानीवरचा फुटका दगडसुद्धा, जो काढताना तिने विचार केला होता की हा डाग असेल तर आपण उगाच काढतोय.

पण मनोरा उजवीकडे होता.

"दादा, आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत," ती म्हणाली. "कॅलेंडरवाल्याने पलीकडून घेतलाय. तिकडून मनोरा डावीकडे येईल."

दादा बाकावर बसला होता. "असेल," तो म्हणाला. "लांब आहे गं ते. गुडघे माझे..."

"पस्तीस वर्षं थांबले. आता पुलाच्या रुंदीसाठी सोडून देऊ?"

दादा उठला. दोघं वर चढली, रहदारीतून रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या पायऱ्या उतरून नदीला गेली. बत्तीस पायऱ्या. दादा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होता, बारकी पुढे धावत होती. खाली पोचून तिने वर बघितलं. मनोरा डावीकडे होता, अगदी पडद्यासारखा. पण सिंहाची पाठ दिसत होती. शेपूट आणि पाठ, त्यावर बसलेली दोन कबुतरं. तोंड पहिल्या बाजूला.

बारकी परत बत्तीस पायऱ्या चढून पुलाच्या तोंडाशी गेली आणि सिंहाच्या समोर, अगदी नाकासमोर उभी राहिली. सिंहाने उजवा पंजा उचललेला होता.

तिने तीस-पस्तीस वर्षं निगेटिव्ह हाताळल्या होत्या. निगेटिव्हला एक बाजू चकचकीत असते, एक मंद. बाजू चुकून उलटी लागली की डावं उजवं होतं, भांग दुसरीकडे जातो, घड्याळ दुसऱ्या मनगटावर. असं पहिल्या महिन्यात तिच्या हातून एकदा झालं होतं आणि दादाने तो फोटो तिच्यासमोर फाडला होता. कॅलेंडरच्या छापखान्यात कुणीतरी तेच केलं होतं. चित्रात एक अक्षर नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. आणि तिने तो उलटा पूल दगड मोजून, प्रामाणिकपणे, बारा फुटांवर उतरवला होता.

दादा धापा टाकत मागून आला. "काय झालं? अजून पुढे जाऊन बघायचं का? त्या वळणावरून कदाचित..."

बारकीने वळून त्याच्याकडे बघितलं. घाम फुटलेला, एक हात गुडघ्यावर. आणि तेव्हा तिला दिसलं की तो सिंहाकडे बघतच नव्हता. गिऱ्हाईक उभं केलं की दादाचा नियम होता, आधी हात-पाय बघायचे, मग चेहरा. माणूस चेहरा सांभाळतो आणि हात-पाय खरं बोलतात. तोच दादा त्या पंजाकडे नजर टाकत नव्हता.

"तुला माहीत होतं," बारकी म्हणाली.

दादाने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"केव्हापासून?"

"तो बोटीवर नोकरीला होता ना, वाण्याचा धाकटा. त्याने इथून पोस्टकार्ड आणलं होतं. हसत हसत दाखवलं, म्हणाला, तुमचा सिंह या सिंहाला आरशातून सलाम करतोय."

"केव्हा, दादा?"

"सत्तर साली."

बारकीने मनात वजाबाकी केली. सतरा वर्षं. लग्नसराई, बाळंतपण, छप्पर.

"म्हणून आणत नव्हतास मला."

"सांगणार होतो," दादा म्हणाला. "तेव्हा आई आजारी होती, तू रात्रंदिवस तिच्यापाशी. म्हटलं, नंतर सांगू. मग नंतर झालं, तेव्हा वाटलं, आता काय सांगायचं. गिऱ्हाईकं खूश होती, तू खूश होतीस. मग ते राहूनच गेलं बघ. आणि राहिलेली गोष्ट दरवर्षी जड होत जाते."

"आणि आज पलीकडे कशाला उतरलास? ह्या गुडघ्यांनी?"

दादाने रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "वाटलं, कोण जाणे. असेलही एखादी जागा."

त्याने पिशवीतून कॅमेरा काढला. पावणेचार झाले होते, ऊन कलत होतं, उजेड चांगला होता. "उभी राहा," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

"नको," बारकी म्हणाली. "मला आता काही नको," आणि त्याच्यासाठी न थांबता बसकडे चालायला लागली. पायांचं दुखणं परत आलं होतं, आधीपेक्षा दुप्पट.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत वहिनी प्लॅस्टिकच्या बादलीत पाय बुडवून बसली होती. पाण्यात मीठ होतं. शेवटी औषधवाल्यांचं ऐकावं लागलंच, याचा तिला राग होता. बारकी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"वन्सं, बोला तरी. बसमध्ये हे पुढच्या बाकावर, तुम्ही मागच्या. मला काय वाटलं, पुलावरून एक जण पडलं की काय."

बारकीने सगळं सांगितलं. कॅलेंडर, निगेटिव्ह, पोस्टकार्ड, सतरा वर्षं. सांगताना तिचा आवाज चढला नाही. त्यासाठी लागणारं बळच अंगात उरलं नव्हतं. "सगळ्या गावाला मी उलट्या पुलावर उभं केलं, वहिनी. एकच काम केलं जन्मात, तेही उलटं."

वहिनीने एक पाय पाण्याबाहेर काढला, बघितला आणि परत आत सोडला.

"माझा दाखवायचा फोटो तुमच्याच स्टुडिओत काढला होता," ती म्हणाली. "त्या सिंहाला टेकून. फोटो बघून यांनी होकार दिला. स्वतः काढलेला फोटो आणि स्वतःच भुलले, असा हा माणूस. आता सांगा, सिंह उजवा असता तर मला वेगळा नवरा मिळाला असता का? मिळणार असता तर मीही तुमच्यावर रागावते."

बारकीला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं.

"लबाड आहेच तो," वहिनी म्हणाली. "माझ्यापासूनही लपवलंन. पण वन्सं, खोटं सांभाळायलाही कष्ट पडतात हो. सतरा वर्षं दरसाल नवीन कारण शोधायचं म्हणजे काय थट्टा आहे? तेवढ्यात त्यांनी तुम्हाला दोनदा आणलं असतं." मग थोड्या वेळाने, "तुम्ही रागवा, तुमचा हक्क आहे. पण फोटो काढून घ्या आणि मग रागवा. रागावलेला चेहराही फोटोत चांगला येतो, तुम्हीच म्हणता."

नवव्या दिवशी विमानतळाची बस दहाला होती. सहाला तिघं हॉटेलबाहेर पडली, वहिनी हॉटेलच्या कापडी सपातांत, कारण तिची पादत्राणं पायांत शिरत नव्हती. रस्त्यात झाडूवाल्यांखेरीज कुणी नव्हतं. सपातांचा फटफट आवाज तेवढा होता. दादा आणि बारकी एकमेकांशी बोलत नव्हते. वहिनी दोघांच्या मधून चालत दोघांशी बोलत होती.

पूल रिकामा होता. नदीवर मळकट उजेड. बारकी सिंहाशेजारी, उचललेल्या उजव्या पंजाखाली जाऊन उभी राहिली. शेजारणीकडून मागून आणलेला जाड कोट तिच्या अंगावर होता, केस नीट विंचरलेले नव्हते, आणि डोळ्यांखाली नऊ दिवसांची वर्तुळं.

दादा कॅमेरा डोळ्याला लावून बराच वेळ उभा राहिला. "हनुवटी जरा खाली," तो म्हणाला. हे वाक्य त्याने जन्मभरात लाखभर माणसांना सांगितलं असेल. "श्वास घे. सोड."

खटका वाजला.

"घरी गेल्यावर निगेटिव्ह उलटी लावून छापतो," दादा कॅमेऱ्याकडेच बघत म्हणाला. "मनोरा डावीकडे येईल. तुझ्या पडद्यासारखा, तंतोतंत."

बारकीने खाली बघितलं. "मग कोटाची बटणं पुरुषांच्या कोटासारखी दुसऱ्या बाजूला जातील."

"कुणाच्या लक्षात येतंय?"

"माझ्या," बारकी म्हणाली. "नको, दादा. आहे तशी छाप. आणि त्यावर पेन्सिलही नको. एवढी वर्षं लोकांचं सुधारत आले, एक तरी राहू दे जसं होतं तसं."

"डोळ्यांखाली काळं आहे फार."

"असू दे. झोपले नाही मी."

परतताना वहिनीची एक सपाता फाटली. दादाने खांदा पुढे केला, तिने त्याचा खांदा धरला, त्याने बारकीचा. अशी तिघं एकमेकांना धरून हॉटेलवर आली, तेव्हा छत्रीवाली दारात उभी होती, रडकुंडीला आलेली. "बावीसपैकी एकोणीसच भरत होते," ती म्हणाली. औषधवाल्यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की म्हातारी माणसं अशा वेळी नदीकडे सापडतात.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर असं. औषधवाले दर दिवाळीला दादाला पत्र पाठवत राहिले, त्यात आरोग्याच्या सूचना असत. छत्रीवालीने दोन वर्षांनी लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर कुंड्यांचं दुकान काढलं; चालायचं काम तिने पुन्हा केलं नाही. स्टुडिओ एकोणीसशे नव्वदला बंद झाला. पडदा कुणी टाकू दिला नाही. वहिनीने त्याची घडी करून माळ्यावर ठेवली, पुढे नातवाच्या शाळेच्या नाटकाला मागितला तेव्हा दिला, आणि तो परत आला नाही. उलटा पूल अजून गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर आहे. माणसं त्यात फार सुंदर दिसतात.

दादा त्र्याण्णव साली गेला. बारकीशी तो शेवटपर्यंत दोन शब्द कमीच बोलला, आणि तीही त्याला ते पूर्णपणे माफ केलं असं कधी म्हणाली नाही. पण त्याचा चहा रोज तीच करायची. वहिनी त्याच्यानंतर अकरा वर्षं जगली, पाय शेवटपर्यंत सुजतच राहिले.

बारकीला आता ऐंशीच्या वर वर्षं झाली. पेन्सिल धरवत नाही. तिच्या पलंगासमोर तो एकच फोटो आहे, मनोरा उजवीकडे, सिंहाचा उजवा पंजा वर, खाली एक दमलेली बाई. दादा गेल्यावर त्याचे खोके आवरताना पोस्टकार्डही सापडलं होतं. ते तिने फोटोच्या मागे, चौकटीत घालून ठेवलं आहे. घरातली लहान मुलं विचारतात, आजी, तुला काय झालं होतं, तू अशी का दिसतेस. ती सांगते, फार चालले होते रे त्या दिवशी.